वडील 64 चे, मुलगी 11 ची आणि बॅच 28 ची: कोणत्या ट्रेकवाल्याकडे जावं?

अमळनेरच्या एका भाऊंचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. मे महिन्यात मुलीच्या सुट्टीत चौघांना, म्हणजे ते स्वतः, वहिनी, 11 वर्षांची मुलगी आणि 64 वर्षांचे वडील, हिमाचलमधला सरपास नावाच्या खिंडीचा ट्रेक करायचाय. एका ट्रेकवाल्याची बॅच 28 ची, वयाची अट 10 ते 58, पैसे परवडणारे, आणि वडिलांचं वय सांगितल्यावर तिथला बुकिंगवाला म्हणाला की फॉर्मवर 57 टाका, वर कोणी बघत नाही. दुसऱ्याकडे जास्तीत जास्त 12 जण, वरच्या वयाची अट नाही, फक्त डॉक्टरचं सर्टिफिकेट, पण पैसे जवळपास दुप्पट. वडिलांना बीपीची गोळी चालू आहे, पण ते दर चैत्रात वणीला पायी जातात, सहा वेळा जाऊन आलेत, आणि 58 ची अट त्यांना अपमान वाटते. भाऊ विचारतात, 12 चा ग्रुप खरंच दुप्पट पैशाचा असतो का, आणि ही वयाची अट नुसती कागदावरची असते का.

मी धुळ्याचा. वीसेक वर्षं झाली लोकांना डोंगरात नेतोय, सातपुड्यात तोरणमाळ-अस्तंबा, इकडे साल्हेर-मुल्हेर, आणि उन्हाळ्यात हिमालय. आधी दुसऱ्यांच्या बॅचवर लीडर म्हणून, आता माझे छोटे ग्रुप. त्यामुळे मी छोट्या ग्रुपच्या बाजूने बोलणार हे गृहीत धरूनच वाचा, पण शेवटपर्यंत वाचा कारण 12 चा आकडा बघून मी स्वतःसुद्धा पैसे देणार नाही.

आधी ते 57 चं संपवू. अजिबात लिहू नका. इन्शुरन्स असला तर खोट्या वयावर क्लेम नाकारला जाऊ शकतो हे एक, आणि आधार कार्ड बेस कॅम्पला दाखवावं लागलं तर ट्रेक जिथून सुरू होतो त्या कसोलपर्यंत जाऊन तुमचे वडील, म्हणजे आबा, तंबूबाहेर उभे राहणार हे दुसरं. पण माझ्या दृष्टीने मोठं कारण वेगळंय. वरती एखाद्याचं डोकं दुखतंय, धाप लागतेय, तेव्हा लीडर जो निर्णय घेतो तो समोरच्या माणसाची माहिती डोक्यात ठेवून घेतो, 64 वय आणि बीपीची गोळी माहीत असलेला लीडर एक तास आधी खाली पाठवेल, 57 आणि "कुठलाही आजार नाही" वाचलेला लीडर म्हणेल थोडं बसा, पाणी प्या, बघू. तो एक तास तुम्ही बुकिंगवाल्याच्या सांगण्यावरून घालवलेला असतो. आणि जो माणूस बुकिंगसाठी वय बदलायला सांगतो तो बाकीच्या 24 जणांनाही काय काय लपवायला सांगत असेल ते बघा.

आता तुमचा प्रश्न मी माझ्या भाषेत मांडतो. तुम्ही विचारताय ग्रुप किती मोठा आणि वय किती चालतं, हे दोन वेगळे प्रश्न वाटतात पण डोंगरात तो एकच प्रश्न आहे: चालता चालता एक जण थांबला तर त्याच्याजवळ कोण थांबणार, आणि उरलेल्यांना कोण पुढे नेणार? ज्याच्याकडे याचं उत्तर द्यायला माणसं कमी असतात तो वयाची अट कडक करतो. त्यात लबाडी काही नाही, 28 जणांत कोण थांबेल हे त्याला बुकिंगच्या वेळी कळू शकत नाही, प्रत्येकाची तब्येत तपासायला त्याच्याकडे वेळ नाही, मग एक आकडा टाकून चाळणी लावायची. 58 हा आकडा काही कुठल्या डॉक्टरने काढलेला नसतो.

माझा एक जुना अनुभव सांगतो, कुठली संस्था ते सांगत नाही. मी तेव्हा असिस्टंट लीडर, 32 जणांची बॅच, आम्ही तिघं. साडेतीन हजार मीटरच्या कॅम्पवरून उतरायचा दिवस, म्हणजे सगळे निवांत, झालाच ट्रेक अशा मूडमध्ये. पुण्याच्या एक ताई, चाळिशीतल्या, गुडघा धरून बसल्या, टेलला, म्हणजे सगळ्यात मागे, आमचा जो माणूस होता तो त्यांच्यासोबत थांबला. अर्ध्या तासाने एका मुलाला उलट्या सुरू झाल्या, मी मध्ये होतो, मी त्याला घेऊन थांबलो. आता पुढे लीडर एकटा आणि मागे तीस जणांची शेपटी, त्यात धुकं उतरलं. शेवटच्या पाच जणांनी एका फाट्यावर गुराख्यांची वाट धरली. रात्री साडेनऊला सापडले, एका गोठ्यात बसलेले, धडधाकट, सर्वात मोठा माणूस 34 चा. बघा ना, हरवलेल्यांपैकी कोणीच वयाच्या अटीत अडकणारं नव्हतं, आणि ज्या ताई बसल्या त्यासुद्धा नव्हत्या. तीन माणसांतली दोन पहिल्या दोन तासांत संपली, एवढंच झालं होतं.

म्हणून ट्रेकवाल्याला फोन केलात की ग्रुप किती जणांचा हे विचारून थांबू नका. विचारा, वर चालताना आमच्याबरोबर तुमची किती माणसं असतात, त्यात किती गाइड आणि किती स्वयंपाकी. स्वयंपाकी आणि खेचरवाले पुढे निघून गेलेले असतात, ते तुमच्या मदतीला नसतात, पण ब्रोशरमध्ये "8 जणांचा स्टाफ" म्हणून तेच मोजलेले असतात. माझा स्वतःचा हिशेब असा आहे, हिमालयात पाच-सहा जणांमागे एक चालणारा माणूस, आणि ग्रुप कितीही छोटा असला तरी कमीत कमी तीन, एक पुढे, एक मागे, एक सुटा. हा सुटा माणूस रोज काहीच करत नाही, गप्पा मारतो, फोटो काढतो, आणि तोच माझ्या हिशेबात सगळ्यात महाग माणूस. सह्याद्रीत-सातपुड्यात एका दिवसाच्या ट्रेकला मी आठ-दहा जणांमागे एक चालवून घेतो, पावसाळ्यात एकामागची माणसं आणखी कमी करतो.

या हिशेबाने बघितलं तर 12 जण आणि एक गाइड, एक हेल्पर, यापेक्षा 28 जण आणि पाच चांगले गाइड हा ग्रुप तुमच्या आबांसाठी जास्त सुरक्षित आहे. दोन माणसांत सुटा कोणीच नसतो, एक जण खाली गेला की पुढे-मागे एकच माणूस उरला. तेव्हा दुप्पट पैसेवाल्याला आधी हे विचारा. उत्तर गोलगोल आलं, "काळजी करू नका सर, आपली टीम एक्सपर्ट आहे" वगैरे, तर समजून जा की तुम्ही दुप्पट पैसे फक्त बरा तंबू आणि पनीरच्या भाजीचे देताय.

मोठ्या बॅचचा दुसरा त्रास वेळेचा, आणि सरपासवर तो जास्त जाणवतो. मे महिन्यात वर बर्फ असतो. खिंडीच्या आधीच्या नगारूच्या कॅम्पवरून पहाटे अंधारात निघायचं असतं कारण बर्फ सकाळी कडक असतो, ऊन चढलं की भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत जातो, शिवाय दुपारनंतर हवेचा भरवसा नाही. आता एखाद्या अवघड जागी, जिथे एकेकालाच सोडावं लागतं, माणशी तीन मिनिटं धरा. 12 जणांना 36 मिनिटं लागतात, 28 जणांना 84. म्हणजे शेवटचा माणूस जवळपास दीड तास एका जागी थंडीत उभा. आणि शेवटी कोण असतं? जो हळू चालतो तो. म्हणजे 64 वर्षांचे आबा आणि 11 वर्षांची पोरगी. मोठ्या ग्रुपमध्ये हळू चालणाऱ्याचं नुकसान दोनदा होतं, पुढचे थांबून आराम करतात, हा पोचला की ते उठून चालायला लागतात, याला विश्रांती मिळतच नाही, आणि अवघड जागी परत रांगेत शेवटचा नंबर. पहाटेच्या टॉयलेट तंबूच्या रांगेबद्दल तर बोलायलाच नको, दोन तंबू आणि 28 माणसं, ज्यांनी गावच्या लग्नात वऱ्हाड उतरवलंय त्यांना सांगायची गरज नाही.

छोट्या ग्रुपच्या अडचणीही सांगतो, त्या कोणी सांगत नाही. पहिली म्हणजे बॅच रद्द होणं. छोट्या ग्रुपला किमान आकडा लागतो, समजा सहा, तेवढे झाले नाहीत तर बॅच रद्द किंवा दुसऱ्या बॅचमध्ये घुसवतात, आणि तुम्ही भुसावळहून दिल्लीचं रिझर्व्हेशन काढून बसलेले. बुकिंग करताना लेखी विचारा की किती जण झाले तर ट्रेक नक्की निघणार आणि कधीपर्यंत कळवणार. दुसरी अडचण माणसांची, 28 जणांत एखादा बडबड्या किंवा किरकिऱ्या असला तर त्याला टाळता येतं, आठ जणांत तो सहा दिवस तुमच्या ताटासमोर असतो. पोरीला तिच्या वयाचं कोणी भेटेल याची शक्यताही मोठ्या ग्रुपमध्ये जास्त. आणि पैसे दुप्पट का, तर गाइडची मजुरी, स्वयंपाकी, गाडी हे सगळं सहा जणांना पण तेवढंच आणि बारा जणांना पण तेवढंच, भागायला डोकी कमी, साधा हिशेब आहे. एक गंमत सांगू का, बऱ्याच ट्रेकवाल्यांचा 12 हा आकडा कुठून आला तर टेम्पो ट्रॅव्हलर 12 सीटची येते म्हणून! तेरावा माणूस आला की दुसरी गाडी लागते. यामागे सुरक्षेचं शास्त्र वगैरे आहे असं सांगतात ते नंतर जोडलेलं.

कधी कधी आकडा सरकारचा किंवा कोर्टाचा असतो. ऑगस्ट 2018 मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने तिथल्या बुग्यालांत, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांत, रात्रीचा मुक्काम बंद केला आणि माणसांवर 200 ची मर्यादा घातली. ते कुरणं वाचवायला, तुमच्या-माझ्या सोयीसाठी नाही. वयाचंही तसंच. कैलास मानसरोवरला सरकारी यात्रेत 18 ते 70, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 25 च्या आत, आणि दिल्लीत मेडिकल होऊन वर गेल्यावर परत मेडिकल, तिथून लोक परत पाठवतात. 2025 ला एकेका तुकडीत 50 माणसं होती. अमरनाथला 13 ते 70 आणि आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचं. म्हणजे जिथे माणसं जास्त, ओळख कोणाची नाही, तिथे आकडा पक्का, हे सरकारसुद्धा करतं, मग 28 ची बॅच चालवणाऱ्या पोराला नावं ठेवून काय उपयोग. फक्त फरक एवढाच की तिथे आकड्याबरोबर तपासणी पण आहे, आणि तुमच्या बुकिंगवाल्याकडे नुसता आकडा, तो पण खोडता येणारा.

बरं, वय खरंच किती मोजायचं? इथे बऱ्याच लोकांचा, आणि पूर्वी माझाही, एक गैरसमज असतो की तरुण आणि जिमवाला म्हणजे उंचीचा त्रास होणार नाही. विरळ हवेचा त्रास वय विचारून होत नाही. फिटनेसचा आणि त्याचा संबंध फार थोडा. उलट फिट पोरं पहिल्या दिवशी पळत वर जातात आणि रात्री डोकं धरून बसतात. माझ्याच एका ग्रुपमध्ये 26 चा पोरगा, रोज दहा किलोमीटर धावणारा, रात्री त्याला धड सरळ चालता येईना, आम्ही कंदील घेऊन त्याला सहाशे मीटर खाली आणला, आणि त्याच ग्रुपमधले एसटीतून रिटायर झालेले 63 चे बापू पहाटे चहा पीत विचारत होते, "काय भो, पोऱ्या कसा शे?" ते आयुष्यभर घाई न करता चढायला शिकलेले, पावलापुढे पाऊल टाकत, एकाच लयीत.

याचा अर्थ वय बिनकामाचं असा नाही. वय वाढलं की गोष्टी बदलतात त्या वेगळ्या: हृदयावर किती ताण चालतो, गुडघे उताराला किती साथ देतात, तोल, थंडी, आणि सगळ्यात जास्त म्हणजे एका दिवसाचा थकवा एका रात्रीत भरून निघतो का. तिशीत निघतो, साठीत बऱ्याच जणांचा नाही निघत, आणि ट्रेक म्हणजे तेच काम सहा दिवस परत परत करणं.

आबांच्या वणीच्या वारीबद्दल मला खरंच आदर आहे, मी स्वतः दोनदा चाललोय, चैत्रातल्या उन्हात डांबरावरून पाच-सहा दिवस चालणं हे येरागबाळ्याचं काम नाही. त्यावरून मला कळतं की आबांचे पाय आणि मन दोन्ही दणकट आहेत, रोज उठून परत चालायची सवय आहे. पण त्या वाटेवर दर चार किलोमीटरला चहा-सरबताचा मांडव असतो, नाही झेपलं तर ट्रॅक्टरमध्ये बसता येतं, आणि हवा आपलीच असते. आपण खानदेशातली माणसं 200 मीटरवर राहतो. सरपास 4200 मीटरच्या वर, तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन आपल्या इथल्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. जाणकार सांगतात की 3000 च्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. दोन्ही ट्रेकवाल्यांचा दिवसावार प्लॅन घेऊन बसा आणि झोपायच्या जागांची उंची एकाखाली एक लिहून काढा, एखादा दिवस वाचवायला कोणी मुक्काम गाळलाय का ते लगेच दिसेल.

आबा कदाचित तो जपानी म्हाताऱ्याचा दाखला देतील, सगळेच देतात. युइचिरो मिउरा 2013 साली 80 व्या वर्षी एव्हरेस्टवर गेले हे खरंय, हृदयाची ऑपरेशनं झालेली असताना. पण उतरताना कॅम्प दोनवरून त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणलं, आणि त्यांच्या एकट्यामागे किती माणसं होती ते बघा. परत तोच प्रश्न, थांबला तर जवळ कोण.

माझ्याकडे वरच्या वयाची अट नाही, पण 50 च्या वरच्या प्रत्येकाला ईसीजी, टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात ती), बीपी, शुगर आणि स्वतःच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. गल्लीतल्या ओळखीच्या दवाखान्यातून दोन मिनिटांत मिळणारं सर्टिफिकेट चालत नाही, ते आणणारा स्वतःलाच फसवतो. डॉक्टरला "ट्रेकला जायचंय" एवढंच नका सांगू, सांगा की 4200 मीटर, रोज सहा-सात तास चालणं, रात्री शून्याखाली. आणि बीपीची गोळी नेमकी कोणती ते विचारा. काही गोळ्या हृदयाचे ठोके वाढूच देत नाहीत, त्या माणसाला चढावर दम लवकर लागतो आणि त्याला कळत नाही का, काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, वर आधीच पाणी कमी प्यायलं जातं त्यात ही भर. गोळी बदलायची की नाही ते डॉक्टर ठरवेल, तुम्ही-मी नाही. उंचीच्या त्रासावर घेतात त्या डायमॉक्सच्या गोळीचंही तसंच, कोणीतरी सांगितलं म्हणून वडिलांना देऊ नका, आधीच्या गोळीबरोबर चालते का ते विचारूनच. शुगरवाले कोणी वाचत असतील तर इन्सुलिन गोठलं की वाया जातं, अंगाजवळ ठेवावं लागतं, आणि थंडीत मशीनचं रीडिंग चुकू शकतं.

मुलीकडे येतो, कारण आबांच्या गडबडीत तिच्याबद्दल भाऊंनी फक्त "ती फिट आहे, स्विमिंग करते" एवढंच लिहिलंय. 11 वय चालतं. मी आई-बाप बरोबर असतील तर सातपुड्यात 8 पासून नेतो, हिमालयात उंचावरच्या मुक्कामाला 10 पासून, एकटं पाठवायचं तर 15-16 च्या आत नाही. मुलांना विरळ हवेचा त्रास मोठ्यांइतकाच होतो, अडचण अशी की त्यांना सांगता येत नाही. मोठा माणूस म्हणेल डोकं दुखतंय, मूल नुसतं गप्प होतं, जेवत नाही, चिडचिड करतं, आणि आपण म्हणतो दमलीय, झोपू द्या. माझा नियम आहे की वर गेल्यावर मूल जेवलं नाही तर ते उंचीमुळेच असं धरून चालायचं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. शिवाय लहान अंग लवकर गार पडतं, रांगेत उभं राहणं त्यांना बाधतं, वर ते 84 मिनिटांचं सांगितलं ते आठवा.

आणि हे तुम्ही चौघांनी घरी बसून ठरवायचंय, ट्रेकवाल्याचा यात संबंध नाही: पोरगी परत फिरली तर खाली कोण जाणार, तुम्ही की वहिनी? आबा परत फिरले तर? दोघं वेगवेगळ्या दिवशी फिरले तर? चार जणांच्या घरात दोघं थांबण्याची शक्यता असलेली माणसं आणि दोघं सोबत जाणारी, म्हणजे तुमच्या घरात सुटा माणूस शून्य. हे आधी बोललं गेलं नाही तर वर भांडण होतं, आणि मी पाहिलंय, नवरा म्हणतो तू जा, बायको म्हणते तुमचे वडील आहेत तुम्ही जा, आणि तो बिचारा म्हातारा माणूस मध्ये उभा राहून म्हणतो, "माले काय व्हत नही, चला वर," आणि चालायला लागतो. अपमान वाटू नये म्हणून चढलेला माणूस सगळ्यात धोक्याचा.

मग मी काय करीन? सरपास हा आरपार ट्रेक आहे, एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला बिस्केरीकडे उतरायचं. खिंड ओलांडली की मागे फिरणं जवळपास संपलं, पुढेच जावं लागतं. अशा ट्रेकला चौघांची पहिलीच हिमालयवारी असेल तर मी माझ्या ग्रुपमध्येसुद्धा चौघांना एकत्र घेणार नाही, 12 चा असो की 6 चा. पहिली वारी नसेल, आबा आधी 3500 च्या वर झोपून आलेले असतील, तर माझं उत्तर बदलेल, हे भाऊंनी लिहिलेलं नाही. जाऊन-येऊन वाटेचा ट्रेक असेल तरी बदलेल, कारण तिथे रोज खाली जायची तीच वाट मोकळी असते आणि अर्ध्यात थांबलेला माणूस कॅम्पवर बसून चहा पीत बाकीच्यांची वाट बघू शकतो.

त्याच भागात सोय आहे. चौघं मिळून कसोलहून ग्रहण गावापर्यंत जा, सरपासचाच पहिला टप्पा आहे, लोकांच्या घरी राहायची सोय होते, उंची साधारण 2300-2400 मीटर, जंगलातून नदीकाठची वाट. दोन रात्री राहा, एक दिवस वरच्या रानात फिरून या. मग बर्शेणीहून खीरगंगा, तीन हजाराच्या किंचित आत, वर गरम पाण्याचं कुंड, आपल्या उनपदेवची आठवण येईल फक्त भोवती बर्फाचे डोंगर. यात आबा आणि पोरगी दोघंही आपापल्या चालीने चालतील. आणि तुम्हाला स्वतःला सरपासची खुमखुमी असेल, तर ती पुढच्या वर्षी एकट्याने 28 च्या बॅचमध्ये भागवा, तुमचं वय आणि तब्येत बघता तिथे तुम्हाला काही अडचण नाही, स्टाफ विचारून घ्या म्हणजे झालं.

तरी आबा ऐकत नसतील, आणि ते ऐकणार नाहीत असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटतंच आहे, तर बुकिंगच्या आधी एक करा. सर्टिफिकेटच्या आधी हे. शनिवारी पहाटे आबांना घेऊन धुळ्याजवळ लळिंग किल्ल्यावर जा, पाठीवर पाच-सहा किलोची सॅक, चढून उतरा, घाई नाही. घरी जा, झोपा. रविवारी चाळीसगावला पाटणादेवी, तिथून पितळखोऱ्यापर्यंत चढून परत. पहिल्या दिवशी आबा तुमच्या पुढे असतील, ते बघू नका. सोमवारी सकाळी घराचा जिना उतरताना बघा. कठड्याला हात लावला का, आडवे होऊन उतरले का, चहाच्या वेळी बोलत होते की गप्प होते. हे महिन्यातून दोनदा, फेब्रुवारीपर्यंत, त्यानंतर आपल्याकडे ऊन असं असतं की दिवसा किल्ला चढणं म्हणजे नसता उद्योग, मग पहाटे पाचला गावाबाहेर चालणं आणि जिने. पोरीलाही घेऊन जा, तिची सॅक तिलाच उचलू द्या, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून बूट घालते का ते बघा.

आणि रेल्वेचं परतीचं तिकीट, कुठल्याही ट्रेकवाल्याकडे गेलात तरी, ट्रेक संपायच्या दिवसानंतर दोन दिवस सोडून काढा. तिकीट उद्याचं आहे म्हणून आज ढकलत ढकलत उतरवलेली माणसं मी खूप पाहिलीत, त्यातल्या निम्म्यांचे गुडघे तिथे गेलेत.